तट, तलाव आणि प्लॉट : धार-देवासच्या वाढीचा हिशेब

धारला पाहुणा आला की आपण त्याला काय दाखवतो? किल्ला दाखवतो, आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली इथेच झाला हे आवर्जून सांगतो. लाट मशीद दाखवतो, तिच्या बाहेरचे लोखंडी स्तंभाचे तुकडे दाखवतो, भोजशाळा बाहेरून का होईना दाखवतो. वेळ असला तर शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडक्यांचा स्टुडिओ. देवासला गेलो तर टेकरीवरची तुळजाभवानी आणि चामुंडा, पवारांच्या छत्र्या, आणि गाण्याची आवड असेल तर कुमार गंधर्वांचं 'भानुकुल'. एवढ्यावर यादी संपते.

या यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणीतरी बांधलेली आहे. दगड, चुना, वीट, लोखंड. तिला पुढची बाजू आहे, तिचा फोटो निघतो. पण या दोन गावांचा सर्वांत मोठा वारसा बांधलेला नाही, तो खणलेला आहे. धारभोवतीचा मातीचा तट आणि खंदक, दोन्ही गावांतली तळी, वाड्यांतल्या विहिरी. या गोष्टींचा फोटो चांगला येत नाही. उन्हाळ्यात त्या ओसाड दिसतात. आणि नगररचनेच्या नकाशावर त्या 'मोकळी जागा' म्हणून उतरतात. मोकळ्या जागेवर काय होतं हे आपल्याला माहीत आहे.

नवीन घरं हवीतच. देवासची वस्ती १९०१ साली १५,४०३ होती. २०११ च्या जनगणनेत ती २,८९,५५० झाली, म्हणजे जवळजवळ एकोणीस पट. माणसं कुठेतरी राहणारच. प्रश्न एवढाच आहे की गाव कुठे वाढवायचं हे ठरवताना आपण काय पाहिलं आणि काय पाहायचं राहून गेलं. त्याचा हा हिशेब.

धारचा गोल

उपग्रहाच्या नकाशावर धार उघडा आणि थोडं वर जाऊन बघा. गावाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला एक वळणदार रेघ दिसेल, तिच्या कडेने कुठे पाणी, कुठे पाणथळ. हा धारचा जुना मातीचा तट. अभ्यासक तो साधारण नवव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात, म्हणजे राजा भोजाच्याही दोनशे वर्षं आधीचा. भोजाने अकराव्या शतकात धार ही आपली राजधानी केली तेव्हा गावाचा आकार आधीच ठरलेला असणार.

हा आकार गोल आहे. उत्तर हिंदुस्थानात अशी गोल तटबंदी दुसरीकडे सापडत नाही; तिचं जवळचं नातं थेट दख्खनमधल्या वारंगळशी जुळतं. आणि हा नुसता तट नाही. त्याच्या बाहेरून खंदक आणि तळ्यांची साखळी आहे. माळव्यात काळी चिकण माती आणि खाली बेसॉल्टचा कातळ. खंदक खणायचा, निघालेली माती बाजूला रचली की तट होतो आणि खणलेल्या जागी पाणी साठतं. एका कामात संरक्षणही झालं आणि पाण्याची सोयही झाली. साठलेलं पाणी कातळाच्या फटींतून हळूहळू मुरतं आणि आतल्या विहिरींना लागतं. गावाचा तट आणि गावाची पाणीपुरवठा योजना ही एकच गोष्ट होती.

धारमध्ये साडेबारा तळी आहेत असं जुने लोक सांगतात. मुंजसागर हे त्यातलं ठळक नाव, भोजाचा चुलता वाक्पती मुंज याच्या नावाचं. 'साडे' म्हणजे नेमकं कुठलं यावर गप्पा रंगतात, पण म्हणण्याचा अर्थ सरळ आहे : या गावाची ओळख तळ्यांवरून सांगितली जायची. स्थापत्यावरचा 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ भोजाच्या नावावर आहे आणि त्यात नगररचनेचाही विचार आहे. ज्या राजाच्या नावावर असा ग्रंथ आहे, त्याच्याच राजधानीचा नकाशा आज आपल्याला उपग्रहातून शोधावा लागतो.

कारण हा तट कुठल्याही संरक्षित यादीत नाही. लाट मशीद आणि भोजशाळा पुरातत्त्व खात्याकडे आहेत. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, हा नियम २०१० च्या दुरुस्तीने पक्का झाला. तटाला असं काही कवच नाही. विटा पाडणाऱ्यांनी आणि भरावासाठी माती हवी असणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं थोडा थोडा नेला. ईशान्येच्या बाजूला तर तट आणि खंदक दोन्ही नव्या घरांखाली गेले आहेत.

यात कुठे कोणी 'आज तट पाडू' असा ठराव केलेला नाही. ट्रॉलीभर माती, एक प्लॉट, एक भिंत. हजार वर्षांची गोष्ट पन्नास वर्षांत अशीच संपते, आणि संपताना आवाजही होत नाही.

एक रस्ता, दोन दरबार

देवासची गोष्ट वेगळी आहे, आणि नगररचनेच्या दृष्टीने तर ती अजबच आहे.

पेशव्यांच्या माळव्यातल्या मोहिमांबरोबर १७२८ च्या सुमाराला तुकोजीराव आणि जिवाजीराव हे पवार भाऊ इकडे आले. दोघांना मिळून मुलूख मिळाला. पुढे त्यांच्या वंशजांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. १८१८ साली इंग्रजांशी करार झाला तो दोघांचा मिळून. १८४१ पासून मात्र दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला. थोरल्या पातीकडे ४४६ चौरस मैल, धाकटीकडे ४४०. पण गावं आणि जमिनी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या की नकाशावर सरळ रेघ ओढून वाटणी होणं शक्यच नव्हतं. राजधानीचं गावही एकच, तेही दोघांचं.

मग राजधानीची वाटणी कशी झाली? मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन सरकारांच्या. १९११ च्या ब्रिटानिका ज्ञानकोशाने या गोष्टीची मुद्दाम नोंद घेतली आहे : एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना पाण्याची व्यवस्था वेगळी आणि दिवाबत्तीचीही वेगळी. समोरासमोरची दोन दुकानं, पण पाणी वेगळ्या सरकारचं आणि संध्याकाळी लागणारा दिवाही वेगळ्या सरकारचा.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या भेटीत आणि पुन्हा १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथे राहिला. त्या दिवसांवरचं 'द हिल ऑफ देवी' हे त्याचं पुस्तक १९५३ साली आलं. बागा, मोटारी, विजेचं घर, पाहुण्यांची व्यवस्था अशी नाना कामं त्याच्याकडे होती, आणि नव्या राजवाड्याचं काम पुरं होण्याआधीच त्याची पडझड होताना त्याने पाहिली. पुढे संस्थान कर्जात बुडालं, महाराज पाँडिचेरीला गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. मोठं बांधकाम दिमाखात सुरू करायचं आणि त्याची देखभाल कोण करणार हे ठरवायचंच नाही, ही सवय आजची नाही, हे त्या पुस्तकावरून कळतं.

दोन सरकारांच्या या गमतीवर आपण हसतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. रस्त्याच्या या बाजूचं पाणी कोणाचं आणि त्या बाजूचं कोणाचं, याचं उत्तर तेव्हा शाळकरी पोरालाही ठाऊक असणार. मे १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं, दोन्ही दरबार गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश आला. रस्ता एक झाला, हे चांगलंच झालं. पण तळ्यांचं काय? एखाद्या तळ्याची जमीन महसूल खात्याच्या नावावर, काठ नगरपालिकेचा, त्यात येणारा नाला तिसऱ्याचा, मासेमारीचा ठेका चौथ्याचा आणि नळाचं पाणी पाचव्या खात्याचं. पूर्वी एका रस्त्याला दोन धनी होते. आता एका तळ्याला पाच धनी झाले, आणि गाळ काढायची वेळ आली की त्यातला एकही धनी सापडत नाही.

रेल्वेने आलेलं पाणी

देवासला स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. किर्लोस्करांचे पंप इथे बनू लागले, सत्तरच्या दशकात नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आला, चामड्याचे, औषधांचे, कापडाचे उद्योग आले. मुंबई-आग्रा रस्ता गावातून जातो, इंदूर चाळीसेक किलोमीटरवर. कामगार आले, बाबू आले, त्यांना घरं हवी होती. गावाजवळची सपाट, मोकळी, बहुतेक वेळा सरकारी आणि म्हणून स्वस्त जागा कुठली? तळ्याची.

अनुपम मिश्र यांनी १९९३ च्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकात देवासबद्दल लिहिलं आहे की आधीच्या तीसेक वर्षांत इथली लहानमोठी सगळी तळी बुजवली गेली आणि त्यांवर घरं आणि कारखाने उभे राहिले. 'सगळी' हा शब्द थोडा ताणून घेतलेला आहे. मीठा तालाब आजही आहे आणि पवारांच्या छत्र्या त्याच्याच जवळ आहेत. पण मुख्य गोष्ट खरी आहे, आणि तिचा परिणाम सगळ्या देशाने पाहिला. २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पाण्याचे ५० टँकर घेऊन रेल्वेगाडी देवास स्टेशनात आली. ढोल-नगारे वाजले, मंत्र्यांच्या हजेरीत गाडीचं स्वागत झालं. पाणी होतं नर्मदेचं, इंदूरमार्गे आलेलं. पंप बनवणाऱ्या गावात उपसायला पाणी नव्हतं.

ज्या माळव्याची ख्याती पावलोपावली पाणी अशी, त्या माळव्यात हे घडलं. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला राहायला आले ते इथल्या कोरड्या, निरोगी हवेसाठी. हवा कोरडीच होती. गाव कोरडं व्हायला पुढची चाळीस वर्षं लागली.

नंतरचे उपाय आपल्याला माहीत आहेत. कारखान्यांसाठी नेमावरहून नर्मदेचं पाणी नळाने आलं. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्याची योजना सुरू झाली, आणि देवासच्या वरच्या अंगाला क्षिप्रा वाहती ठेवायला तिचा हातभार लागला. या योजना नसत्या तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. पण प्रत्येक लिटरमागे पंपाचं वीजबिल आहे आणि ते कायमचं आहे. बुजवलेलं तळं प्लॉटच्या किमतीत कुणीच धरलं नव्हतं. त्याची किंमत तीस वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून, अशी वसूल होते.

उलटं उदाहरणही याच जिल्ह्यातलं आहे. २००६ नंतर तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तळी खणायला सुरुवात केली. जमिनीचा काही भाग पाण्याखाली घालवायचा आणि उरलेली जमीन पिकवायची, हा हिशेब शेतकऱ्याला पटला. काही वर्षांत हजारो तळी झाली. लोक त्यांना 'रेवासागर' म्हणू लागले. खेड्यातल्या माणसाने तळं परत खणलं आणि शहराने खणलेलं बुजवलं, ही एकाच जिल्ह्यातली दोन चित्रं.

तळ्याचा प्लॉट कसा होतो

हे एका रात्रीत होत नाही. पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली पायरी तळ्यात घडतच नाही, वरच्या अंगाला घडते. ज्या उतारावरून पावसाचं पाणी तळ्यात येतं तिथे कॉलनी होते किंवा रस्त्याचा भराव पडतो. नाला वळवला जातो, त्याची गटार होते. तळं आहे तसंच आहे, पण त्यात पाणी येईनासं होतं.

दुसऱ्या पायरीवर तळं दिवाळीलाच आटतं. मुलं त्यात क्रिकेट खेळतात. काठावर बांधकामाचा राडारोडा पडू लागतो. 'नाहीतरी पाणी राहतच नाही' हे वाक्य ऐकू येऊ लागलं की समजावं, दुसरी पायरी पूर्ण झाली.

तिसरी पायरी कागदावरची. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो : आपल्याकडे सातबारा आणि तलाठी, तसे इकडे खसरा आणि पटवारी. खसऱ्याच्या नोंदीत जोवर 'तालाब' हा शब्द आहे तोवर जागेला थोडं तरी संरक्षण आहे. जमिनीचा वापर लिहिताना 'पडीत' किंवा 'रिक्त' आलं की संपलं.

चौथी पायरी प्लॉटची. कधी सरकारी योजना, कधी बाजार, बसस्थानक, कधी खाजगी कॉलनी. विकत घेणारा बहुतेक वेळा पगारदार किंवा छोटा दुकानदार असतो. त्याने आयुष्याची पुंजी घातलेली असते आणि खाली तळं होतं हे त्याला पहिल्या मोठ्या पावसात कळतं, घरात पाणी शिरतं तेव्हा. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही.

पाचवी पायरी बोअरची. तळं गेलं, विहिरी आटल्या, म्हणून प्रत्येक घरात बोअर. आधी शंभर फुटांवर, मग दोनशे, मग चारशे.

वारशाची आवड असलेले आपण लोक बहुतेक चौथ्या पायरीला जागे होतो, म्हणजे तीन पायऱ्या उशिरा.

कायद्याचा आधार नाही असं नाही. तळं म्हणून नोंद असलेली जमीन घरांसाठी वाटून दिली, अशा उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात (हिंचलाल तिवारी विरुद्ध कमला देवी) सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते वाटप अमान्य केलं आणि तळं पूर्ववत करायला सांगितलं. जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्ये गावच्या सामायिक जमिनींबद्दल, त्यात तळीही आली, आणखी व्यापक आदेश झाला. पण निकाल हाती घेऊन उद्या धारच्या ईशान्य भागात बुलडोझर न्यावा असं कोणी म्हणणार नाही. तिथे राहणाऱ्यांनी तट पाडला नाही. त्यांना तो पाडलेलाच मिळाला. म्हणून खरा उपयोग निकालाचा नाही, नोंदीचा आहे. त्या २००१ च्या प्रकरणात तळं वाचलं ते कागदावर 'तालाब' लिहिलेलं होतं म्हणून.

गावाचा मधला भाग

आता गावाच्या आत येऊ. नव्या कॉलन्या कडेला होतात, पण जुन्या बाजाराचं काय करायचं हा प्रश्न दोन्ही गावांत आहे. रस्ते अरुंद, गाड्या लावायला जागा नाही, वाडे मोडकळीला आलेले, एका वाड्यात आठ हिस्सेदार आणि त्यातले पाच पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब. हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे.

उपाय दोनच सुचतात. रस्ता रुंद करायचा, नाहीतर वाडा पाडून खाली दुकानं आणि वर फ्लॅट काढायचे. दोन्हींत पुढची बाजू जाते म्हणून आपण हळहळतो : कोरीव खांब, गवाक्षं, दिंडी दरवाजा. हळहळ योग्यच आहे. पण मराठी वाड्याचं मर्म पुढच्या बाजूत नसतं, चौकात असतं. चौकात पागोळ्यांचं पाणी पडतं, आड किंवा विहीर तिथेच किंवा मागच्या परसात, तुळस तिथेच. चौक हा वाड्याचा प्रकाश, वारा आणि पाणी. नवीन इमारतीत चौकावर स्लॅब पडतो, विहिरीवर झाकण येतं आणि तिच्यात राडारोडा ढकलतात. दर्शनी भाग जपून मागे सगळं काँक्रीट केलं, तर फोटोपुरता वाडा उरतो.

धारच्या जुन्या भागात पवार घराण्यातल्या एका शाखेचा मोठा वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातला. तिथे शाळा भरू लागली. इमारत टिकवायचा याहून सोपा आणि स्वस्त मार्ग नाही. रोज मुलं येतात, कौलं फुटली तर कोणाला तरी ताबडतोब कळतं. वापर हीच देखभाल.

इंदूरला सांगितलेली गोष्ट

या सगळ्याचा विचार शंभर वर्षांपूर्वी शेजारीच झाला होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. होळकर दरबारने त्याला इंदूरला बोलावलं आणि १९१८ मध्ये त्याने इंदूरवर दोन खंडांचा अहवाल दिला. धार तिथून साठेक किलोमीटर, देवास त्याहून जवळ.

गेडिस आला तेव्हा प्लेगचे दिवस होते. लोकांना वाटलं, हा साहेब आता घरं पाडणार. त्याने दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्गच बदलायला लावला : ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील त्यांवरून मिरवणूक जाईल. गल्ल्यागल्ल्यांत झाडू फिरू लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती आणि शेवटी तिचं दहन झालं.

गेडिसची पद्धत थोडक्यात अशी. जुन्या पेठेतून फूटपट्टीने सरळ रस्ता कापू नका. आधी घर न् घर फिरून बघा. जे आधीच पडलेलं आहे, रिकामं आहे, तेवढंच काढा. तिथे छोटी मोकळी जागा होईल, एक झाड लावा, विहीर असेल तर साफ करा. अशा चार-पाच जागा एकमेकींना जोडल्या की वाट आपोआप निघते आणि लोकही तिथेच राहतात. वैद्य जसं आधी निदान करतो आणि लागेल तेवढंच कापतो, तसं. तळी डासांमुळे बुजवायची टूम तेव्हाही होती. गेडिसने तिला विरोध केला : तळं साफ ठेवा, त्यात मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातील.

हे जुन्याचं वेड नव्हतं. हिशेब होता : भरपाई कमी, पाडकाम कमी, विस्थापित माणसं कमी. आजही नगरपालिकेच्या तिजोरीला परवडेल असं याहून वेगळं सांगता येणार नाही.

तीस दिवस

मग आपण काय करायचं? निवेदनं देतोच, फेऱ्या काढतोच. पण नगररचनेत ऐकून घेण्याची वेळ ठरलेली असते आणि ती वेळ बहुतेकांना माहीत नसते.

मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे. शहराची विकास योजना त्याखाली होते. तिचे दोन टप्पे महत्त्वाचे. आधी 'सध्याच्या भूवापराचा नकाशा' प्रसिद्ध होतो, म्हणजे आज कुठे काय आहे. त्यावर कोणीही ३० दिवसांत लेखी हरकत देऊ शकतो. नंतर योजनेचा मसुदा येतो, म्हणजे उद्या कुठे काय होईल. त्यावरही ३० दिवस.

आपण सगळे दुसऱ्या टप्प्यावर गर्दी करतो, कारण त्यात रस्ते आणि रंग असतात. पण डाव पहिल्या टप्प्यातच ठरलेला असतो. सध्याच्या नकाशावर खंदक 'रिक्त भूमी' म्हणून आला, तर मसुद्यात तो 'निवासी' होणं ही साधी पुढची पायरी आहे. त्यात कोणाचा डाव असावाच लागत नाही. नकाशा करणाऱ्या कर्मचाऱ्याने उन्हाळ्यात जाऊन कोरडी जागा बघितली आणि कोरडी लिहिली. त्याला चूक दाखवून देणं हे इतिहासाची आवड असणाऱ्यांचंच काम आहे, कारण जुने कागद आपल्यालाच वाचता येतात.

आणि कागद आहेत. कॅप्टन ल्यूआर्डने केलेलं १९०८ चं माळव्यातल्या पश्चिमेकडच्या संस्थानांचं गॅझेटियर आहे. संस्थानी काळातले मोडी कागद आहेत, ते वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. आसपासच्या ज्या खेड्यांत शहर शिरतंय, त्यांचं निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहे. गुरं कुठे पाणी पितील, वाट कुठून, पाण्यावर हक्क कोणाचा, असे गावाचे सामायिक हक्क आणि रिवाज १९५९ च्या भू-राजस्व संहितेनुसार त्यांत लिहिलेले असतात. शहराची हद्द वाढली की हे कागद कोणी उघडत नाही.

म्हणून मंडळाच्या वाचकांना तीन साधी कामं सुचवावीशी वाटतात. एक, आपल्या भागातल्या प्रत्येक तळ्याचा, खंदकाच्या तुकड्याचा आणि सार्वजनिक विहिरीचा खसरा क्रमांक काढून ठेवणं. दोन, पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, त्याच जागेचे तारखेसह फोटो काढणं. उन्हाळ्यातला फोटो विरुद्ध बाजूच्या उपयोगाचा असतो. तीन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारणं : 'इथे आधी काय होतं?' कॉलनीच्या नावात, बसथांब्याच्या नावात तळं अजून जिवंत असतं. आजींना ते पोहायचं ठिकाण म्हणून आठवतं.

घाई का, तेही सांगतो. २०११ मध्ये धार शहराची लोकसंख्या ९३,९१७ होती, आणि त्याच जिल्ह्यातलं पीथमपूर हे कारखान्यांचं गाव १,२६,२०० वर पोचलं होतं. जिल्ह्याचं गाव मागे, औद्योगिक गाव पुढे. इंदूर-दाहोद रेल्वेमार्ग धारवरून जाणार आहे, त्याचं काम अनेक वर्षं चालू आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशाने महानगर प्रदेशांसाठी कायदा केला आणि इंदूरभोवतीच्या महानगर प्रदेशात धार आणि देवास दोन्ही धरले आहेत. म्हणजे धारला कुठे काय व्हावं याचा विचार आता धारपुरता राहणार नाही. इंदूरच्या मोठ्या नकाशावर धारचा खंदक पेन्सिलीच्या टोकाएवढा असेल.

त्या नकाशावर तो दिसला पाहिजे. किल्ला दिसेलच, त्याची काळजी नाही. किल्ल्याला बुरूज आहेत. खंदकाला बुरूज नाहीत. त्याच्यासाठी कोणीतरी अर्ज लिहायला हवा, खसरा क्रमांकासह आणि तीस दिवसांच्या आत.